वृद्धाश्रम : लाज कशाची, चौकशी कशाची?

१९५६ च्या ऑक्टोबरात भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडच्या खेड्यांतून जे लोक दीक्षा घ्यायला नागपूरला गेले, त्यांच्या कडेवरची लेकरे आज सत्तरीत आहेत. बोट धरून चालणाऱ्यांनी ऐंशी गाठली आहे. बाबासाहेबांचे ऐकून ज्यांनी आपल्या मुलांना शाळेत घातले, ती हीच पिढी. दिवसभर बिड्या वळायच्या, पावसाळ्यात बांध्यांत रोवणी करायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा आणि त्या पैशातून मुलाची फी भरायची, असे त्यांचे आयुष्य गेले. मुले शिकली. कोणी नागपुरात, कोणी बुटीबोरीला, कोणी पुण्याजवळ चाकणला कारखान्यात लागले. मुली सासरी गेल्या, त्यांतल्याही काही नोकरीला लागल्या. गावातल्या घरात आता दोन म्हातारी माणसे राहतात. पुष्कळ घरांत एकच, आणि ती बहुधा म्हातारी माय.

मग एक दिवस शेजारच्याचा फोन येतो की माय न्हाणीत पडली. तिन्ही भाऊ धावत येतात, दवाखाना होतो आणि पंधरा दिवसांनी रजा संपत आली की घरात बैठक बसते. मोठा म्हणतो, माझ्याकडे एकच खोली आहे. मधला म्हणतो, माझी बायको नोकरी करते. धाकटा हळूच वृद्धाश्रमाचे नाव काढतो. लगेच कोणीतरी ओरडते, "समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही!" बैठक मोडते. माय तशीच राहते. दोन महिन्यांनी ती पुन्हा पडते, आणि आता मात्र जे पहिले सापडेल त्या ठिकाणी तिला नेऊन ठेवतात.

सामाजिक कामाच्या निमित्ताने अशा बैठकांना मी पुष्कळदा बसलो आहे. आपल्या समाजात वृद्धाश्रमाची लाज फार आणि चौकशी अगदी कमी, असे माझे मत झाले आहे. मुलगी देताना आपण सात गावे पालथी घालतो. म्हशीचे दूध काढून पाहिल्याशिवाय म्हैस घेत नाही. पण आईला कुठे ठेवायचे ते एका दुपारी, एका फोनवर ठरवतो.

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांना पूर्व दिशा मानले आहे आणि मुलाच्या कर्तव्यांत त्यांचे पोषण पहिले सांगितले आहे. विहारात हे आपण अनेकदा ऐकतो. एकाच छपराखाली ठेवून दुपारपर्यंत चहाही न विचारणे हे पोषण नव्हे, आणि दूर ठेवून आठवड्याला जाऊन येणे, पैसे भरणे, तिची औषधे बघणे हे सोडून देणे नव्हे. तेव्हा घर की वृद्धाश्रम हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. आधी हे पाहू की त्या माणसाला नेमकी कोणती मदत लागते.

१९६३ साली अमेरिकेत सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्या माणसाची स्थिती मोजायची एक साधी रीत मांडली. आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाऊन येणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणे, या सहा गोष्टी. यांतले कोणते काम माणूस आपले आपण करतो आणि कोणत्याला दुसऱ्याचा हात लागतो, एवढेच बघायचे. जगभर डॉक्टर आजही ही रीत वापरतात. त्याला आपल्याकडची आणखी काही कामे जोडा : गोळ्या वेळेवर घेणे, स्वयंपाक, चुलीची किंवा गॅसची काळजी, बँकेतून पैसे काढणे, आणि घराबाहेर पडल्यावर परत घरी येता येणे.

मी कारकून माणूस. मला वहीशिवाय काही सुचत नाही. माझी विनंती अशी की आठ दिवस घरातल्या कोणीतरी मायजवळ राहावे आणि वहीत लिहावे. पहाटे किती वाजता उठली, रात्री किती वेळा उठावे लागले, आंघोळीला किती वेळ हात धरला, कोणती गोळी विसरली. आठ दिवसांनी वही उघडली की भांडण निम्मे मिटते. कारण पुष्कळदा दिसते ते असे की मायला दिवसातून दोनच तास मदत पाहिजे, पण ते दोन तास सकाळी सहा ते आठचे आहेत. किंवा असे दिसते की दिवसा ती ठीक आहे, पण रात्री चार वेळा उठते आणि दिशा विसरते. पहिलीला वृद्धाश्रम लागतच नाही. दुसरीला साधा वृद्धाश्रम चालणारच नाही.

हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण इथेच आपली माणसे फसतात. "वृद्धाश्रम" या एका शब्दात आपण चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो.

एक म्हणजे निराधारांसाठी सरकारी अनुदानावर किंवा देणग्यांवर चालणारे घर. राज्याची अनुदानित वृद्धाश्रमाची योजना १९६३ पासूनची. तिथे पुरुषाला ६० आणि स्त्रीला ५५ वर्षे पूर्ण लागतात. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, एका घरात शंभर जणांची सोय करायची अशी. केंद्र सरकारही संस्थांना पंचवीस किंवा पन्नास वृद्धांच्या घरांसाठी अनुदान देते. दुसरे म्हणजे संस्थांची, थोडे शुल्क घेऊन चालणारी घरे. आपल्या विदर्भात ही परंपरा जुनी आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली सुरू केलेल्या मातृसेवा संघाचे नागपूरला पंचवटी वृद्धाश्रम आहे. आनंदवनात उत्तरायण आहे. यवतमाळ जिल्ह्यात उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. तिसरे म्हणजे पैसेवाल्यांच्या वसाहती. पुण्याला अथश्रीसारख्या ठिकाणी पेन्शनर मंडळी स्वतःची सदनिका घेऊन राहतात. ते आपल्या आवाक्याबाहेरचे, म्हणून पुढे जाऊ. चौथे म्हणजे ज्याला आता सगळे "असिस्टेड लिव्हिंग" म्हणतात. म्हणजे दवाखाना नाही, पण राहणे-जेवणासोबत आंघोळ घालणे, कपडे बदलणे, गोळ्या देणे, रात्री उठवून संडासला नेणे यासाठी माणूस ठेवलेले घर. नागपूर, पुणे, मुंबईकडे अशी घरे वाढली आहेत. बहुतेक खाजगी, आणि त्यांचा महिन्याचा आकडा आपल्याकडच्या मजुराच्या महिन्याच्या कमाईइतका, किंवा जास्तच.

आता अडचण कुठे आहे पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या घरांत सर्वसाधारणपणे चालत्या-फिरत्या, आपले आपण करणाऱ्या माणसालाच घेतात. त्यात त्यांची चूक काढता येत नाही. पन्नास माणसांमागे दोन-तीन कामकरणी असतात, त्या अंथरुणाला खिळलेल्याला कुशीवर कधी वळवणार? म्हणजे आपल्याला परवडणारे घर माणूस धड असतानाच दार उघडते, आणि आपण दार ठोठावतो ते माणूस पडल्यावर. मायला चालता येत असताना हा विषय काढायची लाज वाटते, आणि लाज संपेपर्यंत तिला घेणारे स्वस्त घर उरत नाही. म्हणून सत्तरीला, सगळे ठीक असताना, ही बोलणी झाली पाहिजेत.

त्यासाठी पहिली चक्कर जिल्हा समाजकल्याण कार्यालयात मारावी. सहायक आयुक्तांकडे अनुदानित वृद्धाश्रमांची यादी मागावी, भंडाऱ्याची आणि शेजारच्या नागपूर-गोंदियाचीही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे निदान एक घर असावे असे लिहिले आहे. मात्र शब्द असा आहे की सरकार ते स्थापन "करू शकेल". या "शकेल" मध्ये किती म्हातारी माणसे अडकून पडली, याचा हिशोब कोण देणार? यादी मागणारे लोक वाढले तरच त्या शब्दाला धार येईल. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मोफत मदत क्रमांक आहे, तिथेही जवळच्या घराची माहिती मिळते.

खाजगी घराबाबत एक गोष्ट माहीत असू द्या. दवाखान्याला, लॉजला, शाळेला सरकारी परवान्याची कटकट असते. अशा खाजगी घरांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले, समितीकडे गेले, आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली तेव्हा रद्द झाले. म्हणजे बंगला भाड्याने घेऊन, बारा खाटा टाकून, दाराला पाटी लावली की झाले. चांगली माणसे असतील तर चांगलेच चालवतील. नसतील तर तपासायला कोण येणार? तुम्हीच. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या वर्षाचा हिशोब मागा. देत नसतील तर चहा पिऊन परत या.

पाहायला जाताना कळवून एकदा जा आणि न कळवता एकदा जा. दुसरी भेट संध्याकाळी सात-साडेसातला, जेवणाच्या वेळी. फाटकावर फुलांच्या कुंड्या किती आहेत ते बघू नका, आत शिरल्याबरोबर वास कसला येतो ते बघा. फिनाईलचा वास आला तर ठीक, लघवीचा आला तर तो आजचा नसतो. म्हाताऱ्यांच्या हातापायांची नखे बघा. नखे वाढलेली असली तर समजा की आंघोळ घालणारा माणूस घाईत आहे. चादर उचलून गादी बघा. खाटेपासून संडास किती पावलांवर आहे ते मोजा, वाटेत पायरी आहे का, धरायला दांडी आहे का, रात्री दिवा असतो का. जन्मभर खाली बसणाऱ्या आपल्या बायांना उंच कमोडची सवय नसते, पण गुडघे गेल्यावर तोच लागतो. दोन्ही आहेत का ते विचारा. आंघोळ घालायला बाईमाणसाला बाईच येते का, हे स्पष्ट विचारा. आपली माय हे कधीच विचारणार नाही, ती आंघोळच टाळील.

मग रात्रीचे विचारा. दिवसा व्यवस्थापकापासून माळ्यापर्यंत सगळे असतात. रात्री दहा ते सकाळी सहा किती माणसे जागी असतात? एक वॉचमन फाटकावर आणि आत कोणी नाही, असे असेल तर रात्री पडणाऱ्या माणसाला ते घर उपयोगाचे नाही. आणि आगीचे विचारा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. ज्यांना उठून पळता येत नाही अशांना जिथे ठेवायचे, तिथे बाहेर पडायचे दुसरे दार आहे का, ते कुलूपबंद तर नाही ना, हे विचारायला भंडाऱ्याच्या माणसाला संकोच वाटायचे कारण नाही. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर खाटा टाकलेले घर मी तरी घेणार नाही.

राहणाऱ्यांशी बोला, व्यवस्थापक शेजारी नसताना. सरळ "कसे आहे?" असे विचारले तर सगळे "बरे आहे" म्हणतात. त्यापेक्षा "काल रात्री काय जेवलात? मागच्या वेळी ताप आला तेव्हा दवाखान्यात कोणी नेले? शेवटचा नातेवाईक केव्हा आला होता?" असे विचारा. ज्या घरात म्हातारी माणसे आपसांत भांडतात, थट्टा करतात, ते घर बहुधा बरे असते. जिथे सगळे गप्प बसून दाराकडे बघतात तिथे जरा थांबून विचार करा.

आता आपल्या लोकांच्या काही खास गोष्टी, ज्या कोणत्याही माहितीपत्रकात नसतात. आपण भाताची माणसे. धानाच्या मुलखातली बाई ज्वारीच्या मुलखातल्या घरात गेली आणि दोन्ही वेळा भाकर समोर आली की आठ दिवसांत तिचे जेवण तुटते. मुलाला फोनवर सांगतात, "तुमच्या आई हट्ट करतात." हट्ट नाही, तिला भात पाहिजे. तळ्यातली मासळी खाऊन वाढलेल्या माणसाला कडक शाकाहारी घर चालेल का, हे त्यालाच विचारा. कोणी म्हणेल चालेल, पण विचारले पाहिजे. रोज सायंकाळी जिथे आरती सक्तीची आहे तिथे आपल्या उपासिकेने काय करायचे? खाटेजवळ बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावता येईल का, वंदना म्हणता येईल का, १४ एप्रिलला आणि वैशाख पौर्णिमेला तिला दोन दिवस घरी आणता येईल का? हे आधीच बोलून घ्यावे. निधन झाले तर अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, कुटुंबाच्या हातून, हे तर अर्जातच लिहून द्यावे. आणि पंगत एक आहे का, पाण्याचा माठ एक आहे का, हेही डोळे उघडे ठेवून बघावे. बोलून कोणी जात विचारणार नाही. आडनाव विचारतील, आणि मग खोली बदलून देतील. म्हाताऱ्या माणसाने साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे भोगले ते शेवटच्या वर्षांत पुन्हा भोगायला आपण पैसे भरायचे नाहीत.

सेवा करणाऱ्याकडेही बघा. आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, तेव्हा बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने त्याला धुतले, ही विनयातली कथा आपण जाणतो. ज्या घरात हे काम करणाऱ्या बाईला हातमोजे नाहीत, सुट्टी नाही आणि पगार वेळेवर नाही, त्या घरात तिच्याकडून मायेची अपेक्षा कशी करायची? त्या बाया बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या असतात. तुम्ही किती दिवसांपासून आहात, एवढेच त्यांना विचारा. दर महिन्याला नवे तोंड दिसत असेल तर ते घर आतून बरे नाही.

पैशाचा हिशोब. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यासाठी वय ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. बिडी कारखान्यात पी.एफ. कापला गेला असेल तर कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. वर्षानुवर्षे बिड्या वळलेल्या कित्येक बायांनी ती मागितलेलीच नाही, कारण कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरे. ते आधी दुरुस्त करा. या पैशांत खाजगी घर येत नाही, पण गावातल्या मदतीचा मोठा भाग येतो.

खाजगी घर घ्यायचेच असेल तर तीन आकडे लिहून घ्या : अनामत, दरमहा शुल्क आणि दरवर्षीची वाढ. समजा अनामत तीन लाख बिनव्याजी. बँकेत सात टक्क्यांनी ते ठेवले असते तर वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५० रुपये मिळाले असते. तेवढे शुल्क न दिसता जास्त झाले. समजा शुल्क महिना १२ हजार आणि वाढ दरवर्षी दहा टक्के. पाच वर्षांनी तेच शुल्क १९ हजार ३०० च्या वर जाते. तीन भावांनी आज चार-चार हजार कबूल केले, पण पाच वर्षांनी साडेसहा हजारांच्या गोष्टीला कोण तयार आहे, हे आजच कागदावर लिहा आणि सह्या करा. बहिणीलाही बैठकीला बोलवा. कायद्यात मुलगीही जबाबदार आहे, आणि बहुतेक ठिकाणी सेवा तीच करते. मग निर्णयात तिला का वगळायचे? डायपर, डॉक्टर, दवाखान्याची गाडी यांचे पैसे वेगळे का, महिन्याच्या मध्ये निधन झाले किंवा घरी परत आणले तर अनामत किती दिवसांत मिळेल, आजार वाढला तर ठेवून घेतील की "घेऊन जा" म्हणतील, हे सगळे करारात पाहिजे. तोंडी शब्दाला पावती नसते. मायचे पासबुक, ए.टी.एम. कार्ड आणि घराचे कागद कोणत्याही संस्थेच्या कपाटात ठेवायचे नाहीत.

कागदावरून आठवले. मुलाने आधी घर नावावर करून घ्यायचे आणि नंतर आईला दाखवायचा वृद्धाश्रम, असे प्रकार आपल्यातही होऊ लागले आहेत. आईवडिलांना सांगणे आहे की बक्षीसपत्र करताना "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात लिहवून घ्या. २००७ च्या कायद्याचे कलम २३ असे सांगते की अशी अट असून सांभाळ केला नाही तर ती बक्षिसी रद्द करता येते. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अट दाखवावी लागेल असे म्हटले, आणि २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातील एका आईची मालमत्ता तिला परत देताना हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगितले. अट लिहिलेली असेल तर वादच राहत नाही. पोटगी हवी असेल तर अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे भंडारा, तुमसर किंवा साकोलीला. वकील लावावाच लागतो असे नाही. मूल नसलेल्या म्हाताऱ्यालाही, ज्या पुतण्या-भाच्याला त्याची इस्टेट मिळणार आहे त्याच्याकडून पोटगी मागता येते. म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी नेऊन टाकून देणे हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

आता ज्यांची वही "दोन तास मदत" सांगते, त्यांच्यासाठी. घर न सोडता पुष्कळ करता येते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून पात्र ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात येतात. एक कमोड खुर्ची आणि न्हाणीत भिंतीला दोन लोखंडी दांड्या, एवढ्याने कित्येक पडझडी टळतात. सत्तरीवरच्या कोणालाही, उत्पन्न न बघता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयाचा खर्च आहे. २०१०-११ साली राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत भंडाऱ्याचे नाव होते. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी सोय आणि व्यायामोपचार ही त्यातलीच तरतूद. ती मागा.

सकाळच्या दोन तासांसाठी वस्तीतलीच एखादी गरजू बाई पगार देऊन ठेवावी. फुकट नाही, "आपलीच आहे" म्हणून नाही, ठरवून आणि वेळेवर पगार. मला आणखी एक सांगायचे आहे, विहार समित्यांना राग आला तरी चालेल. आपले विहार सकाळ-संध्याकाळच्या वंदनेशिवाय दिवसभर कुलूपबंद असतात. पंखा आहे, नळ आहे, सावली आहे. दहा ते चार तिथे म्हातारी माणसे बसली, महिला मंडळाने पाळीपाळीने दोन बाया दिल्या, दुपारच्या जेवणाला प्रत्येक घरून डबा आला, तर किती घरांतली सून निश्चिंतपणे कामाला जाईल! शहरांत याला विरंगुळा केंद्र म्हणतात. गावात त्यासाठी नवी इमारत नको, फक्त किल्ली पाहिजे.

शेवटी ज्याला जायचे आहे त्याचे मत. बैठकीत सगळे बोलतात, ती कोपऱ्यात बसून ऐकते. एका गावातल्या म्हातारीला डोळ्याच्या ऑपरेशनला नेतो असे सांगून वृद्धाश्रमात सोडले होते. मी भेटलो तेव्हा ती म्हणाली, "मले वाटलं दवाखान्यात नेऊन राह्यला. तीन दिस मी डोळेच झाकून बसली." त्या बाईला ते घर पुढे आवडलेही असते. पण ज्या दिवशी ती आत आली त्या दिवसाचे खोटे तिच्या घशातून उतरले नाही. तेव्हा सांगून न्या, दाखवून न्या. दोन-तीन घरे तिला स्वतःला बघू द्या. निवड तिची. काही म्हातारी माणसे स्वतःहून जायला तयार असतात आणि मुलांच्या अब्रूसाठी बोलत नाहीत, हेही मी पाहिले आहे.

ठरले तर आधी एक महिना परीक्षेचा ठेवा आणि गावातले घर मोडू नका, भाड्यानेही देऊ नका. महिन्यानंतर "घरी जातो" म्हणाली तर आणायचे, ही अट भावांनी मान्य करावी. सोबत द्यायच्या पिशवीत आधार, वय वंदना कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत, चष्म्याची दुसरी जोडी, तिची स्वतःची गोधडी आणि पाण्याचा तांब्या. पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्याची तारीख वहीत लिहून ठेवा, नाहीतर पेन्शन थांबते आणि तिला वाटते मुलाने घेतली. पहिले तीन महिने दर आठवड्याला कोणीतरी जायचे, वार ठरवून. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर, एस.टी.त बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरीच्या बाबांना एस.टी. २०२२ पासून मोफत आहे, त्यामुळे गावातला तिचा म्हातारा भाऊ किंवा जुना शेजारीही तिला भेटायला जाऊ शकतो. त्याला तारीख आणि बस नंबर लिहून द्या.